हिरव्या खोक्यातला ठोका

१

प्रकाशा गावाच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या एका गावात तापीबाई नावाची सुईण राहायची. चाळीस वर्षांत गावातली निम्मी माणसं तिने आपल्या हातांवर झेलली होती, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. पोलीस पाटील मिशीला पीळ देत समोरून आला तरी ती भर रस्त्यात म्हणायची, "तू पायाळू उना व्हता बरं का! मन्हा पुरा घाम काढा व्हता तू." पाटलाचा हात आपोआप मिशीवरून खाली यायचा.

अशा बाईकडे १९४५ सालच्या थंडीत लोटन आला. लोटन म्हणजे गजराबाईचा एकुलता एक मुलगा. घरी चाळीस बिघे काळी जमीन, पण याचं डोकं शेतीपेक्षा शेतीच्या मासिकांत जास्त. दोन वर्षांपूर्वी मधमाश्या पाळल्या होत्या. त्यांनी पाटलाच्या लेकीचं वऱ्हाड पिटाळून लावलं, तेव्हा तो नाद सुटला. आता नवा नाद होता.

"तापीमाय, आंडा उबवाना शेतस," तो बसल्या बसल्या म्हणाला. "कोंबडीबिगर. खोकामा. चार खोका, चार उजेड. एक लाल, एक निळा, एक हिरवा, एक साधा. कोन्ता उजेडनी पिलं बेगी वाढतस ते दखानं शे."

"मंग मन्हं काय काम? आंडासले कळा येतस का?"

"तू माले जगमा आणं. आते मन्हा पिलासले बी तूच आण."

तापीबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसताच तिने हो म्हटलं. आताशा गावातल्या बऱ्याच बायका मिशनच्या नर्सबाईकडे जायला लागल्या होत्या. तिचे हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांची तिला सवय नव्हती.

२

अडचण एकच होती. लोटनच्या घरात अंडं चालत नव्हतं. गजराबाईने तर सांगूनच टाकलं, "मन्हा उंबराना आत आंडं उनं, ते मी घरना बाहेर."

म्हणून खोकी मळ्यातल्या इंजिनघरात गेली. विहिरीजवळची ती एवढीशी खोली. तेलाचं इंजिन विकल्यापासून रिकामीच होती. लोटनने खिडक्यांना फळ्या ठोकल्या, बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून. खोकी चांगली दुहेरी फळ्यांची, मध्ये भुसा भरलेला. प्रत्येकाला मागच्या अंगाने कंदील, आणि कंदील आणि अंड्यांच्या मध्ये काच. लाल काच नंदुरबार स्टेशनाजवळच्या भंगारवाल्याकडे मिळाली, निळी कुणाच्या तरी जुन्या खिडकीची. हिरवी जाड होती, हातभर लांब, कडेला घासलेली. ती कशाची हे भंगारवाल्यालाही सांगता आलं नाही.

अंडी अक्कलकुव्याच्या बाजारातून आली, भुशाच्या टोपलीतून. पंचवीस-पंचवीस एकेका खोक्यात मांडली. तापीबाईचं काम असं: दिवसातून तीनदा जायचं, अंडी उलटायची, पाण्याची परात भरायची, कंदिलात तेल बघायचं. ऊब किती आहे ते बघायला लोटनने काचेची नळी आणली होती, पण तापीबाई अंडं उचलून पापणीला लावायची आणि नळीच्या आधी सांगायची. नळीचं आणि तिचं कधी चुकलं नाही. एकदा चुकलं, तेव्हा नळी फुटलेली निघाली.

दार लावलं की आत भरदिवसा चार रंगांचा अंधार व्हायचा. तापीबाईला मजा वाटायची. एक हात लाल, एक निळा. अंडी उलटता उलटता ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची, आणि मग मळ्याच्या वाटेने गावात लोटनच्या घरी जायची.

तिथे तिचं खरं काम होतं. लोटनची बायको धनुबाई. लग्नाला सात वर्षं झाली होती, दोनदा राहून गेलं होतं. आता तिसऱ्या खेपेला आठ महिने सुखरूप पार पडले होते. गजराबाई सुनेला पाण्याचा तांब्याही उचलू देत नव्हती. तापीबाई रोज सकाळी धनुबाईच्या पोटावर लाकडी कर्णा ठेवायची. हा कर्णा तिला नर्सबाईनेच दिला होता, भांडण नको म्हणून. एक टोक पोटावर, दुसरं कानाला. आतला ठोका ऐकू आला की तापीबाईचा अंगठा बोटांच्या पेरांवर चालू लागायचा. चाळीस वर्षांची ती खोड होती. ठोका एकदा बोटात बसला की दिवसभर बसलेला.

"घोडं पयी ऱ्हायनं घोडं," ती सांगायची, आणि धनुबाईचा जीव भांड्यात पडायचा.

३

आठव्या दिवशी लोटनने पुठ्ठ्याला भोक पाडून मागे कंदील धरला आणि एकेक अंडं तिथे लावून दाखवलं. आत लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं, मधोमध एक ठिपका. ठिपका लुकलुकत होता.

"हाई त्यानं काळीज," लोटन म्हणाला.

तापीबाई हरखून गेली. पोटातलं काळीज तिने हजारदा ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. लाल खोक्यातली झाली, निळ्यातली झाली, साध्यातली झाली. सगळ्यांची घाई, प्रत्येकाची वेगळी. मोजायलाही जमू नये इतकी भराभर. मग हिरव्यातलं पहिलं अंडं लागलं.

ते त्या मानाने सावकाश चाललं होतं, मोजता येईल इतकं. दुसरंही तसंच. लोटनने गंमत म्हणून शेजारी आणखी एक भोक पाडून दोन अंडी एकदम लावली. दोन्ही ठिपके एकाच वेळी मिटले, एकाच वेळी उघडले.

"वा!" लोटन खूश. त्याने वहीत लिहून घेतलं. "हिरवा उजेडमा जीव शांत ऱ्हास. लिखेल शे मासिकमा."

असेल, तापीबाईला वाटलं. शिकलेल्या माणसाने सांगितलं तर असेल. पण परत अंडी मांडताना तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. अंगठा पेरांवर चालत होता. हा ठोका तिने आत्ता उचलला नव्हता. तो सकाळी धनुबाईच्या पोटाशी कर्णा लावला तेव्हापासूनच बोटांत होता.

लोटन गेल्यावर तिने कंबरेचा कर्णा काढला आणि आपल्याच खुळेपणाला हसत लाल खोक्याच्या फळीला लावला. कंदिलाची बारीक सुरसुर. निळ्याला लावला. सुरसुर. साध्याला लावला. तेच.

मग हिरव्याला लावला.

पंचवीस नव्हते. एकच होता. मोठा, ओला, भरलेला. फळीच्या पलीकडे कुणी बाई पोट टेकून बसली असावी, तसा.

४

"तुन्हा कानमा तुन्हंच रगत वाजस, माय," लोटन म्हणाला. "शंख कानले लावा ते समिंदर ऐकू येस ना? तसं."

"मंग लाल खोकामा काबर वाजत नही?"

"हिरवी काच जाड शे. आवाज धरी ठेवस."

तापीबाईने मान हलवली. लोटनकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, आणि त्याचं उत्तर ऐकलं की बरंही वाटायचं. ती रोज ओव्या म्हणत राहिली. फक्त हिरवं खोकं उघडताना ओवी आपोआप बंद पडायची. आत कुणी निजलेलं असलं की माणूस जसं हळू वागतं, तसं तिचं व्हायचं.

बाराव्या दिवशी दुपारी ती इंजिनघरात शिरली तर लोटन पाटावर चार बश्या मांडून बसला होता. मासिकात लिहिल्याप्रमाणे त्याने प्रत्येक खोक्यातलं एकेक अंडं फोडलं होतं, आतली वाढ बघायला. तीन बश्यांत बोटाच्या पेराएवढं काहीबाही होतं. चौथीत होतं ते चांगलं दोन पेरांएवढं.

"हाई दख, दुप्पट शे! दुप्पट!" लोटनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आनंदाने. "आत्तेच फोडं. आखो हाली ऱ्हायनं व्हतं."

तापीबाई बशीवर वाकली. बशीतलं आता हलत नव्हतं. तेवढ्यात बांधावरून गजराबाईची हाक आली. आयुष्यात कधी आवाज न चढवणारी बाई गळा फाडून ओरडत होती.

"तापी! पयत ये! सून पडनी!"

धनुबाई चुलीपुढे आडवी झाली होती. शुद्धीवर होती, पण चेहरा राखेसारखा. "पोट हालत नही," एवढंच ती म्हणत होती. तापीबाईने कर्णा लावला. काही नाही. जागा बदलली. काही नाही. गजराबाई देवाची नावं घेऊ लागली, तिला तापीबाईने हाताने गप्प केलं. किती वेळ गेला कोण जाणे. दूध उतू जाऊन चूल विझली, तेवढा तरी गेला.

मग अगदी खोलातून एक ठोका आला. थांबून दुसरा. मग घोडं पुन्हा चालू लागलं, लंगडत का होईना.

संध्याकाळी तापीबाईने लोटनला अंगणात गाठलं. "कवय फोडं तू ते हिरवं?"

"तू उनी, त्याना जराक आधी." लोटन बोलता बोलता थांबला. मग घाईघाईने म्हणाला, "धनू सकायपाईन उपाशी व्हती माय. चूलपुढे बठेल. चक्कर उनी तिले."

"हा, तसंच व्हई," तापीबाई म्हणाली. "आते इंजिनघरनी किल्ली दे मन्हाकडे."

लोटनने किल्ली दिली. त्याने का म्हणून विचारलं नाही, हेच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

५

एकविसाव्या दिवशी पहाट उजाडली ती किलबिलाटाने. लाल, निळं, साधं, तिन्ही खोक्यांत पिल्लं फुटत होती. ओली, लडबडलेली, एकमेकांच्या डोक्यावर पाय देणारी. तापीबाई एकेक उचलून पदरात पुसत होती आणि प्रत्येकाला काहीतरी नाव ठेवत होती. एकाला तिने पोलीस पाटीलही म्हटलं, कारण ते उलटं बाहेर आलं.

हिरव्या खोक्यात चोवीस अंडी होती तशीच होती. कुठे चीर नाही, टोच नाही.

आणि घासलेट संपत आलं होतं. कंट्रोलचे दिवस, महिन्याला मिळायची ती बाटली कधीच संपली होती. लोटन आदल्या दिवशीच गाडी जुंपून नंदुरबारला गेला होता, परमिट घेऊन. तो अजून आला नव्हता. तापीबाईने तिन्ही कंदिलांतलं उरलंसुरलं तेल हिरव्याच्या कंदिलात ओतलं. उन्हं डोक्यावर येईतो ज्योत निळी झाली, फडफडली आणि गेली. पौषातला वारा फळ्यांच्या फटींतून आत येत होता. तिने अंडं पापणीला लावलं. कोमट. कर्णा फळीला लावला. ठोका होता, पण दोन ठोक्यांमध्ये आता एक अख्खी ओवी मावली असती.

दारात गजराबाई उभी राहिली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच इथवर आली होती, तीही अनवाणी.

"कळा सुरू व्हयन्यात. चल!"

तापीबाईने टोपली घेतली, तळाला कापूस पसरला आणि चोवीसच्या चोवीस अंडी त्यात मांडली. "ह्या बी मन्हासंगे येतीन. शेगडीपान ठेवसू."

"मन्हा घरमा?" गजराबाई दारातच मागे सरली. "येडी व्हयनी का तू?"

"घर बाटनं ते गोमूत्र शिंपडशी, गजरा. पोर गयं ते काय शिंपडशी?"

गजराबाईने टोपलीकडे पाहिलं. विचारण्यासारखं पुष्कळ होतं, पण नऊ दिवसांपूर्वीच्या दुपारी तीही त्या चुलीपाशी होती. तिने अंगावरची शाल काढली, टोपलीवर नीट पसरली, आणि टोपलीची एक कडी आपल्या हातात घेतली.

"कोनले सांगू नको," ती म्हणाली. दोघी म्हाताऱ्या बांधावरून निघाल्या, जमेल तेवढ्या भराभर.

६

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटलेली होती. टोपली शाल काढून तिच्या उबेला ठेवली आणि तापीबाई धनुबाईपाशी बसली. मग तिला टोपलीची आठवणही राहिली नाही. हात आपलं काम करू लागले, तोंड आपलं. "शाबास मन्ही वाघीण. आखो एक डाव. लोटन उना तवय तुन्ही सासू यानापेक्षा जास्त वरडनी व्हती." कळांच्या मधे धनुबाईला हसू फुटलं. गजराबाईने रागाने पाहिलं आणि मग तीही हसली.

उन्हं कलली तेव्हा मूल आलं. मुलगी. पुरी भरलेली, काळ्याभोर जावळाची, पण अंग निळसर. रडेना.

तापीबाईने उलटं धरलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, तोंडात बोट घालून साफ केलं, फुंकर घातली. जे जे माहीत होतं ते सगळं केलं. कर्ण्यात अजून ठोका होता, एकच, मग खूप वेळाने एकच. श्वास मात्र नव्हता. धनुबाई विचारत होती, "काय शे? पोर शे का पोऱ्या? रडत काबर नही?" आणि गजराबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

टोपलीत खुट्ट झालं.

तापीबाईने मान वळवली. वरचं एक अंडं डुलत होतं. आतून कुणी ढकलावं तसं, इकडे, तिकडे. मुलीला एका हातावर घेऊन तिने दुसऱ्या हाताने ते उचललं. पश्चिमेच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप आत येत होती, त्यात तिने ते धरलं. का धरलं, ते तिला नंतर कधीच सांगता आलं नाही.

एकवीस दिवसांचं अंडं आत भरलेलं असतं. उजेड पलीकडे जात नाही, काळं दिसतं. हे विहिरीच्या पाण्यासारखं नितळ होतं, हिरवट. आणि कवचाला आतून टेकलेली पाच बोटं होती. तांदळाच्या दाण्याएवढी. चार एकमेकांना लागून, एक जरा बाजूला. नखांसकट.

बोटं दाबत होती. बाहेर यायची वाट शोधत होती.

पिल्लाला कधी बाहेरून मदत करायची नाही, असं लोटनच्या मासिकात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. पण आत अडकलेल्याला बाहेर आणायचं, याशिवाय तापीबाईने आयुष्यात दुसरं केलं काय होतं? तिने अंगठ्याचं नख कवचात रुतवलं.

कवच फुटलं आणि तिच्या दुसऱ्या हातावर मुलगी अशी किंचाळली की अंगणातली गाय उठून उभी राहिली.

शेगडीपाशी एका दमात तडतड झाली, लाह्या फुटाव्या तशी. तेवीस अंड्यांना एकदम चीर गेली.

"रडनी! व माय, रडनी!" गजराबाई रडत-हसत म्हणत होती. तापीबाईने घाबरत घाबरत आपल्या तळहातावर पाहिलं. ओलं पिवळं पिल्लू होतं. पिल्लाचे पाय, पिल्लाच्या नख्या, पिल्लाची चोच. दुसरं काही नाही. ते तिच्याकडे बघत होतं, आणि गप्प होतं.

७

लोटन दिवेलागणीला घासलेटचा डबा घेऊन आला, आणि मुलगी झाल्याचं कळताच डबा दारातच सांडून बसला. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. गूळ वाटला गेला. पोलीस पाटील स्वतः येऊन गेला. तापीबाईला नऊवारी लुगडं मिळालं, आणि तिने ते लगेच नेसून गावात दोन फेऱ्या मारल्या.

मुलगी अंगाने बाळसेदार निघाली. बघणाऱ्याला ती महिन्याची वाटायची. हिरव्या खोक्यातली पिल्लंही तशीच. लोटन रोज सकाळी तराजू घेऊन बसायचा. आठव्या दिवसापर्यंत ही पिल्लं बाकीच्यांच्या दीडपट भरली, बाराव्यापर्यंत दुप्पट. एकही दगावलं नाही. भितही नव्हती. घारीची सावली पडली की बाकीची पिल्लं वाट फुटेल तिकडे पळायची, ही चोवीस जागच्या जागी उभी राहायची. आणि चिवचिवत नव्हती. एकदाही नाही.

"हिरवा उजेडनी ती शांत शेतस," लोटन सगळ्यांना सांगायचा. गजराबाईने त्यांना घराच्या अंगणात जागा दिली होती. कुणी सुरीचं नाव काढलं तरी ती अंगावर धावून जायची. ती त्यांना स्वतः कण्या घालायची आणि मग दोनदा हात धुवायची.

तापीबाईने कर्णा लावून पाहिला नाही. मुलीलाही नाही, पिल्लांनाही नाही. मुलगी दूध पीत होती, झोपत होती, हसत होती. आणखी काय हवं, ती स्वतःला विचारायची. ती पाच बोटं म्हणजे हिरवट उन्हाचा, शिणलेल्या डोळ्यांचा खेळ होता. दुपारपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. लोटनला विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं. म्हणून तिने विचारलं नाही.

बाराव्या दिवशी बारसं. ओटीवर पाळणा बांधला, गावच्या बाया दाटीवाटीने बसल्या. लोटनची बहीण सिंधुबाई सासरहून आली होती. नाव तिनेच ठेवायचं होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. पाळणा म्हणून झाला, हसणं-खिदळणं झालं. मुलगी मात्र एवढ्या माणसांनी बावरून रडत होती.

तापीबाई नवं लुगडं सावरत ओटीच्या कडेला उभी होती, मुठीत पिल्लांसाठी कण्या घेऊन. अंगणात चोवीस पिल्लं माती उकरत होती. सगळ्या बायांची तोंडं पाळण्याकडे होती. तिचं एकटीचं तेवढं अंगणाकडे.

सिंधुबाई वाकली. मुलीच्या कानाशी तोंड नेऊन तिने कुर्रर्र केलं, आणि कुणालाच ऐकू येणार नाही इतक्या हळू नाव सांगितलं.

मुलगी रडायची थांबली.

अंगणात चोवीस माना एकदम वर झाल्या. आपल्याला कुणी नावाने हाक मारावी आणि आपण वर बघावं, तशा.

"काय दखी ऱ्हायनी व तापी?" गजराबाईने मागून विचारलं.

"काही नही. मोठी व्हयनीत."

तापीबाईने मूठ उघडून कण्या अंगणभर उधळल्या. दाणे त्यांच्या पायांशी, पाठींवर पडले. पाळणा झुलत होता तोवर एकानेही मान खाली घातली नाही.